सगळ्या ढाली खुंटीवर

१

शोधयात्रेचे कागद वाटायला वाचनालयात बसलेल्या बाईंनी टिलीच्या डोक्यावर पुठ्ठ्याचा टोप बसवला, नाकावर उतरणारी पट्टी नीट केली आणि म्हणाल्या, "झालीस बघ नॉर्मन सरदार. आता लोकांनी घाबरायचं."

टिली सात वर्षांची. तिनं खांदे वर केले, डोळे वटारले आणि आईकडे वळून फुरफुरली. "मॅम, मी सरदार पण आहे आणि घोडा पण."

"मम्मी म्हणावं, मटिल्डा," मागून तिची आजी ऑड्री म्हणाली. "आपण काय वेल्श आहोत का?"

डोंगरापलीकडच्या वेल्श गावांत आईला मॅम म्हणतात, आणि टिलीची आई डेलिथ तिकडची होती. पोरीची अर्धी बाजू तिकडची म्हटल्यावर तिनं तसं म्हणण्यात काही गुन्हा नव्हता. पण नावडतीचं मीठ अळणी. ऑड्रीच्या लेखी डेलिथची भाषाही अळणीच. आज काहीही झालं तरी बोलायचं नाही, हे डेलिथ सकाळी बसमध्येच ठरवून आली होती.

मंगळवारी न्यायालयात तारीख होती. घटस्फोटानंतर टिली बापाकडे, गाइल्सकडे राहायची. आईला एक शनिवार सोडून एक शनिवार मिळायचा, तोही दिवसापुरता आणि सासूच्या नजरेसमोर. टिलीनं आईच्या घरी मुक्कामाला जायचं की नाही, हे मंगळवारी ठरणार होतं आणि ऑड्री काय सांगते यावर ठरणार होतं. ऑड्री वाईट बाई नव्हती. वाईट बाईशी निदान भांडता तरी येतं. ही मऊ आवाजात "तू दमलीस वाटतं, डेलिथ" म्हणायची, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, खरंच की, दमलेलीच दिसते, हिच्या हवाली पोर कसं करायचं?

"निघू या?" डेलिथ हसून म्हणाली. हसणंसुद्धा तिनं बसच्या काचेत बघून नीट बसवलं होतं.

२

ऑक्टोबरची सुट्टी होती. पेनहॉल्टच्या उतरत्या बाजारपेठेत टोप घातलेली पोरं आणि पावसाळी कोट घातलेले आईबाप कोडी वाचत, गावभर लपवलेले सरदार शोधत फिरत होते. आकाश सकाळपासून ओल्या घोंगडीसारखं लटकलेलं. पहिलं कोडं टिलीनं अडखळत वाचलं.

"नाक माझं लांब, तोंड माझं गप्प, सॉसेजच्या माळेत बसलोय मी लप्प." तिनं नाक मुरडलं. "लप्प काय? हे कुणी लिहिलंय?"

"मोठ्या माणसांनी लिहिलेलं आहे," ऑड्री म्हणाली.

"तरीच."

डेलिथला हसू आवरेना. टिलीनं तिचा हात धरला. ती कधी पूर्ण पंजा धरायची नाही, आईची पहिली दोन बोटंच मुठीत घ्यायची. तान्हेपणी तिच्या मुठीत तेवढंच मावायचं आणि ती सवय मागे राहिली होती. बोटं ओढत ती खाटकाच्या दुकानापाशी धावली. काचेआड सॉसेजच्या माळांमध्ये अंगठ्याएवढा लाकडी सरदार उभा होता. टिलीनं कागदावर फुली मारली.

ऑड्री दुकानात डुकराचं मांस भरलेली पेस्ट्री घ्यायला शिरली तशी टिली आईच्या कोटाला चिकटली.

"मॅम, वाक ना. गुपित आहे."

डेलिथ वाकली. टिलीनं जिभेनं वरचा पुढचा दात ढकलून दाखवला. एका धाग्यावर लोंबत असावा तसा तो पार आडवा झाला.

"अगं, हा तर आज पडेल."

"नाही पाडणार. हा मी तुझ्या घरी पाडणार. ग्रॅनीला सांगू नको, ती दोरा बांधते."

"आणि त्याआधी पडला तर?"

"जिभेनं धरून ठेवीन," टिली म्हणाली. मग रस्त्यापलीकडे बघून तिनं विचारलं, "मॅम, तिनं कुणाचा हात धरलाय?"

समोर बेकरीच्या काचेपाशी एक पोरगी पाठमोरी उभी होती. डोक्यावर तसाच पुठ्ठ्याचा टोप, अंगात टिलीसारखाच पिवळा रेनकोट. त्यात विशेष काही नव्हतं, त्या वर्षी निम्म्या इंग्लंडनं आपल्या पोरांना तोच रेनकोट घेतला होता. पोरीचा एक हात वर होता आणि मूठ मिटलेली होती, मोठ्या माणसाचा हात धरून मुलं चालतात तशी. पण शेजारी माणूस नव्हतं.

ऑड्री पुडकं घेऊन बाहेर आली. मध्ये एक टपालगाडी गेली. गाडी सरकली तेव्हा बेकरीसमोर कुणी नव्हतं.

३

चर्चच्या दक्षिण दाराची कमान नऊशे वर्षांपूर्वी फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन लोकांनी घडवलेली, आणि पेनहॉल्टला तिचा मोठा अभिमान. कमानीभर दगडी तोंडं होती, कुणाला चोच, कुणाला शिंगं. जीभ काढून दाखवणारं तोंड शोधा, असं कोड्यात म्हटलं होतं. टिलीनं ते शोधलं आणि आपणही जीभ काढून दाखवली. जीभ आत घेताना दात जपून घेतला. आईकडे बघून डोळा मारायचा तिनं प्रयत्न केला, पण तिला एक डोळा मिटायला येत नसे, दोन्ही मिटले.

आवारातल्या बाकावर ऑड्रीनं अंड्याची सँडविचं काढली. टिलीनं नेहमीप्रमाणे कडा सोलून बाजूला ठेवल्या, नेहमीप्रमाणे ऑड्रीनं उसासा टाकला.

"युद्धात माझ्या आईनं कडांचीसुद्धा खीर केली होती, मटिल्डा."

"मग तिला दे," टिली म्हणाली. पणजी वारून वीस वर्षं झाली होती. डेलिथनं चहाच्या कपात तोंड लपवलं.

कप खाली घेताना तिला ती दिसली. थडग्यांच्या रांगांपलीकडे, भिंतीला टेकून, पिवळा रेनकोट. टिली मान डावीकडे कलती करून खात होती, तर तिचीही मान डावीकडे कलती. टिलीनं मांडी बदलली. तिनं पाय बदलला. हातात खायला काही नसूनही तिची बोटं काहीतरी सोलत होती.

"त्या मुलीबरोबर कुणी दिसत नाही," डेलिथच्या तोंडून गेलं.

ऑड्रीनं वळून बघायचीही तसदी घेतली नाही. "असतील मागं. सगळ्यांनाच उठसूट पोर हरवल्यासारखं वाटत नाही, डेलिथ."

एवढं बोलून तिनं रुमालानं बोटं पुसली. डेलिथच्या कानशिलात मारल्यासारखं झालं, पण ती हसली.

त्या बोलण्यामागं एक जुनं वाक्य होतं. टिली जन्मली तेव्हा डेलिथला तीन दिवस झोप नव्हती. तिसऱ्या दिवशी नवरा, सासू आणि दोन नर्सांच्या देखत ती पाळण्याकडे बोट दाखवून म्हणाली होती, "हे माझं मूल नाही." आजार होता तो. बाळंतपणानंतर होतो काही जणींना. औषधं झाली, काही आठवडे दुसऱ्या वॉर्डात गेले, आणि एका सकाळी बाळाच्या टाळूचा वास घेतला तशी डेलिथला ओळख पटली. मूल तिचंच होतं. चूक तिची होती. तिला ते कळलं, डॉक्टरांना कळलं, नवऱ्यालाही कळलं. पण चांगल्या कपबशा जपाव्यात तसं ऑड्रीनं ते वाक्य जपलं होतं. पाहुणे आले की कपाटातून निघायचंच.

डेलिथनं पुन्हा भिंतीकडे बघितलं. भिंत मोकळी होती. बघ, तिनं स्वतःलाच समजावलं, कुणाची तरी पोर होती, गेली आईकडे.

४

शेवटचा सरदार किल्ल्यात होता. किल्ला म्हणजे काय, टेकाडावर उरलेला एक बुरूज. दारात साखळीचं चिलखत घातलेले आणि त्याखालचा घरचा लोकरी स्वेटर लपवू न शकलेले डेझ्मंड उभे होते. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला माणूस, आता गावाच्या वारसा मंडळाचा आधारस्तंभ. त्यांच्यामागं भिंतीवर खुंट्यांची रांग आणि प्रत्येक खुंटीला एकेक लाकडी ढाल.

"थांबा, सरदार," त्यांनी टिलीला अडवलं. "शत्रू की मित्र?"

"घोडा," टिली म्हणाली.

"घोड्यांना जिना चढता येत नाही."

"मग मित्र."

त्यांनी लाल मासा रंगवलेली ढाल तिच्या गळ्यात अडकवली आणि डेलिथला म्हणाले, "जिना अरुंद आहे, मोठ्यांना वर सोडत नाही. एक पोर वर, एक ढाल गळ्यात. खाली आलं की ढाल खुंटीवर. सगळ्या ढाली खुंटीवर दिसल्या की मी कुलूप घालतो. आजवर एक पोर वर राहिलं नाही, बाईसाहेब. नवरे राहिलेत, ते आम्ही मुद्दाम ठेवले."

आजूबाजूचे आईबाप हसले. टिलीनं आईची दोन बोटं सोडली आणि काळोखी जिन्यात शिरली. आधीची दोन-चार पोरं वर ओरडत होती.

डेलिथ आणि ऑड्री बाहेर गवतावर थांबल्या. बुरुजाच्या भिंतीत, दाराच्या बरोबर वर, माणसाच्या डोक्यापेक्षा बऱ्याच उंचावर, बाण मारायची उभी फट होती, गडावरच्या जंगीसारखी. थोड्या वेळानं तिच्यातून एक छोटा हात बाहेर आला आणि दोन बोटं हलली.

"मॅम! इथून सगळं बारीक दिसतं! ग्रॅनी पण!"

"ग्रॅनीला ऐकू येतंय हो," ऑड्री म्हणाली, पण तिच्याही ओठाचा कोपरा हलला.

मग पोरं एकेक करून उतरू लागली. कुणी ढाल फेकली, कुणाची आई ओरडली, कुणी चॉकलेटं कुठे म्हणून गळा काढला. जिन्यातला गलका ओसरत गेला. वर टिली एकटीच उरली असावी, कारण ती गुणगुणत होती. डेलिथ तिला झोपवताना म्हणायची ती वेल्श चाल. भीती वाटली की टिली ती धरायची.

गुणगुणणं मध्येच थांबलं.

"टिली?" डेलिथनं हाक मारली. "ये आता खाली."

उत्तर आलं नाही. डेलिथ दाराकडे एक पाऊल गेली आणि ऑड्रीच्या नजरेनं जागीच थांबली.

"येतेय की," ऑड्री म्हणाली. "तुझा सारखा धोशा कशाला?"

५

ती आली. एकेक पायरी नीट उतरत, हात भिंतीला न लावता. दारात थांबून तिनं गळ्यातली ढाल काढली आणि तिच्या खुंटीला अडकवली. ती वाकडी लोंबली तर सरळ केली.

"आल्या शेवटच्या सरदार," डेझ्मंड म्हणाले आणि खुंट्यांवरून नजर फिरवून समाधानानं मान डोलावली.

"मी आले, मम्मी," ती म्हणाली.

ऑड्रीच्या भुवया वर गेल्या. "ऐकलंस? शहाणं माझं बाळ. सांगितलं की कळतं हो तिला."

तिनं डेलिथचा हात धरला. पूर्ण पंजा, बोटांत बोटं घालून. तिचा हात गार होता. दगडी बुरुजातून आलेल्या पोराचा हात गार असणारच, डेलिथनं मनाला सांगितलं. मम्मी म्हणाली, तर ग्रॅनीला खूश करायला म्हणाली असेल. सात वर्षांच्या पोरांना काय कमी हुशारी असते?

"टोप काढ बघू, घाम आला असेल."

तिनं लगेच काढला. टिलीचाच चेहरा. कानाजवळचा तीळ, सकाळी ऑड्रीनं घट्ट घातलेली वेणी, गालावर अंड्याचा कण. डेलिथच्या छातीवरचं ओझं उतरलं आणि तिला स्वतःचा राग आला. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. इथं तर दूधही आपणच आणि फुंकणारेही आपणच.

तिनं खाली वाकून पोरीला जवळ घेतलं आणि टाळूवर नाक टेकलं. न पेटवलेल्या चुलीला येतो तसा वास आला, ओल्या दगडाचा आणि जुन्या राखेचा. त्याच्याखाली टिलीचा वास कुठेच लागेना.

६

"दात कसा आहे?" तिनं कानात विचारलं.

"कुठला दात?" पोरगी मोठ्यानं म्हणाली.

"आपलं गुपित. दाखव ना."

तिनं आज्ञाधारकपणे तोंड उघडलं. दातांची ओळ सरळ होती. डेलिथनं अंगठा पुढच्या दातावर ठेवून हळूच दाबला. मग जोर लावून दाबला. दात भिंतीत बसवल्यासारखा घट्ट होता. पोरीनं तोंड मिटलं नाही, डोळेही मिटले नाहीत. ती नुसती वाट बघत राहिली.

"काय चाललंय?" ऑड्रीनं विचारलं.

"हलतोय का बघत होते."

"इतक्यात कुठला हलायला? गाइल्सचे आठव्या वर्षी पडले. आमच्याकडे सगळं उशिराच."

तो दात हलताना आपल्याशिवाय जगात कुणीच पाहिला नव्हता, हे डेलिथला तेव्हा कळलं. विचारायचं कुणाला? आणि विचारायचं तरी काय?

फाटकाजवळ खजिन्याची पेटी होती. प्रत्येक पोराला सोनेरी कागदातलं चॉकलेटचं नाणं. तिनं नाणं घेतलं, आभार मानले आणि ते खिशात ठेवलं.

"खाणार नाहीस?" डेलिथनं विचारलं. टिली हे असलं नाणं कागदासकट चावायची.

"जेवणाआधी गोड खाऊ नये," ती म्हणाली.

ऑड्रीला काय करू नि काय नको असं झालं. तिनं उरलेलं सँडविच पुढं केलं. पोरीनं ते कडांसकट खाल्लं, एक कणही न सांडता. खाताना तिनं मान डावीकडे कलती केली होती, अगदी टिलीसारखी. फक्त डेलिथकडे बघून मग केली.

"माझा हातमोजा वर राहिला," डेलिथ म्हणाली. "आलेच."

दोन्ही हातमोजे तिच्या खिशात होते.

७

डेझ्मंडनी चिलखत काढून काखेत धरलं होतं आणि ते कुलपाशी झटत होते.

"एक मिनिट उघडता का? माझा हातमोजा राहिलाय."

"तुम्ही आत गेला नव्हतात, बाईसाहेब."

"मुलीकडे दिला होता. वर पडला असेल."

"अरेरे." त्यांना खरोखरच वाईट वाटलं. "आता ईस्टरपर्यंत बंद. वटवाघळं येतात हिवाळ्यात निजायला, आणि आजची तारीख उलटून दार उघडं दिसलं तर त्यांच्या संरक्षणवाल्यांकडून माझी कान-उघाडणी. गेल्या वर्षी नगराध्यक्षांना सोडलं नाही मी. ईस्टरला जपून ठेवीन हं हातमोजा."

"वर कुणी नाही ना?"

तिचा आवाज तिला हवा तसा निघाला नाही. डेझ्मंडनी तिच्याकडे बघितलं. शाळेतल्या रडवेल्या पोरांकडे बघायची सवय असलेला माणूस.

"सगळ्या ढाली खुंटीवर आहेत," ते समजुतीनं म्हणाले. "लाल मासासुद्धा. तुमचीच होती ना ती? तिनं स्वतः अडकवली, सरळ केली. इतकं शहाणं पोर मी आज पाहिलं नाही."

"हो," डेलिथ म्हणाली. "सॉरी. उगाच तुम्हाला त्रास."

"छे, छे, सॉरी मीच म्हणायला हवं."

दोघांनी एकमेकांची आणखी एकदा माफी मागितली आणि ते उतारावरून आपल्या गाडीकडे गेले. या लोकांचं घर पेटलं तरी शेजाऱ्याला आधी सॉरी म्हणतील आणि मग पाणी मागतील. डेलिथ त्यांच्यात इतकी वर्षं राहून त्यांच्यासारखीच झाली होती.

ती वळून भिंतीखाली गेली. फट काळी होती.

"टिली," ती हलकेच म्हणाली. स्वतःला ऐकू यावं एवढंच.

काही नाही. वारा. खाली बाजारात कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं. बघ, ती स्वतःला म्हणाली, वेडी आहेस तू. मागंही असंच वाटलं होतं. मागंही शंभर टक्के खात्री होती आणि ती शंभर टक्के खोटी निघाली. जा, मुलगी वाट बघतेय.

तेव्हा वर गुणगुणणं सुरू झालं. मघाशी जिथं थांबलं होतं, त्याच ओळीपासून.

फटीतून चार छोटी बोटं बाहेर आली. ती हलली नाहीत, कुणाला बोलावलं नाही. ती हवेत वाकली, कुणाची तरी दोन बोटं धरावीत तशी, आणि मिटली. मग उघडली, आणि त्यांतून काहीतरी पडलं. दाराच्या दगडी उंबऱ्यावर ते टक्‌ करून वाजलं.

डेलिथनं ते उचललं. तांदळाच्या दाण्यापेक्षा जरासा मोठा दात होता, मुळाशी रक्ताचा धागा. अजून ऊबदार. ठरल्याप्रमाणे तिनं दात आईकडेच पाडला होता.

डेलिथनं दारावर दोन्ही मुठी आपटल्या. एकदाच. जाड ओकचं दार, आवाजसुद्धा धड झाला नाही.

"डेलिथ?"

पायवाटेवर ऑड्री उभी होती. तिच्या हातात हात घालून ती पोरगी. दोघी बघत होत्या. ऑड्रीच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दवाखान्यातल्या त्या दिवशी होती तीच कीव होती, आणि कीव येण्याआधीचा किंचित पुढे झुकलेला कान.

वर फट रिकामी होती. गुणगुणणं नव्हतं.

"काय झालं?" ऑड्रीनं मऊ आवाजात विचारलं. "काही सांगायचंय का तुला?"

वाक्य जिभेवर आलं. तेच वाक्य, शब्द न शब्द तोच. हे माझं मूल नाही. मागं बोललं तेव्हा खोटं होतं तरी लोकांनी सात वर्षं लक्षात ठेवलं. आज बोललं तर काय होईल, हे तिला डोळ्यांपुढं दिसत होतं. ऑड्री तिचा दंड धरील, फोन जाईल, कुणीतरी सुई घेऊन येईल. बुरूज कुणी उघडणार नाही. सगळ्या ढाली खुंटीवर असताना कोण उघडेल? आणि मंगळवारी तिच्यावर कायमची फुली बसेल. मग टिलीसाठी या दाराशी यायला जगात कुणी उरणार नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा, आणि तोंड दाबणारा हातही तिचाच.

"हातमोजा सापडेना," डेलिथ म्हणाली. "जाऊ दे."

८

वाहनतळावर गाइल्स गाडीला टेकून उभा होता. पोरगी धावली नाही, चालत गेली. तिनं मागचं दार उघडलं, आत बसली आणि पट्टा स्वतःच लावला. गाइल्सनं आश्चर्यानं आईकडे बघितलं.

"काय जादू केलीत?"

"मी नाही," ऑड्री म्हणाली. ती खोटं बोलत नसे, हे तिच्याबाबतीत मान्य करायलाच हवं. "डेलिथनं केलं. सबंध दिवस शांत. पोर हरवलंय, पोर आजारी आहे, काही नाही. मला आज तिच्यात कमाल फरक दिसला, गाइल्स. मंगळवारी मी तसं सांगणार आहे."

गाइल्स गाडीला टेकला होता तो सरळ झाला. मग त्यानं लग्नाआधी म्हणायचा तशी हाक मारली. "डेल. माझा विरोध नाही. राहू दे तिला तुझ्याकडे. शनिवार-रविवार, सुट्टीतही."

तीन वर्षं डेलिथ या वाक्याची वाट बघत होती. कुणासमोर रडायचं नाही, आवाज चढवायचा नाही, वेळेच्या आधी पोचायचं, सगळं याच्यासाठी. आता ते मिळालं होतं.

मागच्या खिडकीची काच खाली आली. "मी तुझ्या घरी राहायला येणार ना, मम्मी?"

टेकाडावर बुरूज अंधुक होत चालला होता. डेझ्मंडची गाडी कधीच निघून गेली होती. मंगळवारपर्यंत, डेलिथनं ठरवलं. फक्त मंगळवार होऊ दे. एकदा कागद हातात आला की मी हवं ते बोलीन, दार तोडीन, कुणी वेडी म्हणेना का. टिली शहाणी आहे. ती चाल धरून ठेवील. आणि हे ठरवताना तिला कळत होतं की मंगळवारीही ती बोलणार नाही, कारण मंगळवारनंतर तर तिच्याकडे गमवायला काहीतरी असणार होतं.

"येणार ना?" खिडकीतून पुन्हा विचारणा झाली. पोरगी हसत होती, सगळे दात दाखवून.

"येणार," डेलिथ म्हणाली.

मुठीतला दात आता गार पडला होता. तिनं तो कोटाच्या खिशात, दोन हातमोज्यांच्या मधे ठेवला. मग ऑड्रीकडे वळली, सकाळी बसमध्ये बसवलेलं हसू पुन्हा चेहऱ्यावर आणलं आणि इथली माणसं निरोप घेताना म्हणतात ते म्हणाली.

"थँक यू, ऑड्री. फार छान दिवस गेला."